काचेवर रक्त वाहत नाही

आमच्या घरात भाद्रपद आला की घड्याळापेक्षा भिंतीवरच्या उन्हाला जास्त मान मिळतो. समोरच्या इमारतीच्या टाकीवरून ऊन सरकलं की वर स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज वाढतो. ताटं मांडली जातात, मुगाच्या आमटीचा वास जिना उतरून खाली माझ्या लॅबपर्यंत येतो आणि त्याच्या पाठोपाठ माझी बायको रत्ना जिन्यातूनच हाक मारते, "अहो, दिवस बुडाय लागला! येताय का जेवायला, का उद्या सकाळीच येणार?" आम्ही जैन. दिवस मावळला की जेवण नाही आणि रत्नाच्या बाबतीत पाणीसुद्धा नाही. लग्न झाल्यापासून पाहतोय, मावळतीनंतर तिने घोटभर पाणी घेतल्याचं मला आठवत नाही. मी तिच्याइतका कडक नाही. पर्वाचे, म्हणजे भाद्रपदातल्या व्रताचे, दहा दिवस तेवढा नियमाने वागतो आणि तेही ती समोर असते म्हणून.

यंदाही पर्व आलं. मंगळवार पेठेतल्या भिंती श्रावणाचं पाणी पिऊन अजून ओलसर आहेत. दुपारी ऊन पडलं की त्यांना वाफ धरल्यासारखा वास येतो. गल्लीतल्या मंडळाचा मांडव उभा राहिला आहे आणि संध्याकाळी ढोलाच्या सरावाला सुरुवात झाली की माझ्या लॅबमधल्या काचपट्ट्या रॅकमध्ये बारीक किणकिणतात. मी तीस-बत्तीस वर्षं लोकांचं रक्त तपासतो आहे. आता काम मशीन करतं, मी फक्त सही करतो असं रत्ना म्हणते. पण मायक्रोस्कोप अजून खिडकीपाशी आहे आणि त्याच्यावरचं कापड मी रोज स्वतः काढतो. ती काच किणकिणायला लागली की मला चार वर्षांपूर्वीचा भाद्रपद आठवतो.

त्या वर्षी अश्विनी या घरात नवी होती. मुलाचं, सन्मतीचं, पुण्यात शिकताना तिच्याशी जमलं. ती भंडाऱ्याकडची. जैन नव्हे. बोलताना वाक्याच्या शेवटी "जी" लावायची, म्हणजे "हो जी", "आणते जी". आमच्या कोल्हापुरी ओरडण्यात तो "जी" फार नाजूक वाटायचा. तिला आमची गंमत वाटायची ती वेगळीच. इथल्या बायका "मी येतो, मी जातो" म्हणतात हे ऐकून पहिले दोन दिवस ती तोंडाला पदर लावून हसत होती.

लग्नाआधीच तिने आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं, "मला सिकलसेल आहे. शाळेत तपासणी झाली तेव्हा कळलं. रोज गोळी घ्यावी लागते. लपवून लग्न नाही करणार मी." मला ती पोरगी तिथेच आवडली. मी म्हटलं, यात घाबरण्यासारखं काही नाही, आपण लॅबवाले आहोत. सन्मतीचं रक्त तपासून घेतलं. त्याच्यात तो दोष नव्हता. म्हणजे पुढे मुलं झाली तर ती वाहक होतील, आजारी होणार नाहीत. मी हे सगळं रत्नाला कागदावर गोल काढून समजावलं. ती म्हणाली, "मला गोल नका दावू. पोरगी खरं बोलली की न्हाय? मग झालं." असं ते लग्न झालं. सिकलसेल हा शब्द आमच्या घरात सगळ्यांना माहीत होता. निदान मला तरी तो पाठ होता.

आता माझ्या शहाणपणाबद्दल थोडं सांगायला हवं.

लाल पेशी मी किती पाहिल्या असतील याला गणती नाही. निरोगी पेशी मधोमध दाबलेल्या, पिठाच्या गोल उंडीसारखी दिसते. सिकलसेलमध्ये त्यातल्या काही लांबट, वाकलेल्या, विळ्यासारख्या होतात. आमच्याकडे हा आजार क्वचितच दिसतो, त्यामुळे असा नमुना आला की मी कौतुकाने पोराटोरांना बोलावून दाखवायचो. बघा कशी वाकली आहे, म्हणायचो. पण मी जे पाहायचो ते काचेवर पसरून वाळवलेलं, रंग चढवलेलं, एका जागी थांबलेलं रक्त. काचेवर रक्त वाहत नाही. पेशीचा आकार कळायचा. ती चालते कशी, अडते कुठे आणि अडली की तिच्या मागच्यांचं काय होतं, हा प्रश्न माझ्या खिडकीपाशी कधी आलाच नाही.

अंगातल्या सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या पेशीपेक्षाही अरुंद असतात. मऊ पेशी तिथून अंग चोरून, एकामागोमाग एक, निघून जाते. अश्विनीही आमच्या घरात तशीच वावरत होती. कांदा-लसणाशिवाय तिला जेवण जात नव्हतं, पण पर्वात तिने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. पाणी गाळायचं फडकं रत्नापेक्षा स्वच्छ धुवायची. आणि कुणी न सांगता तिने एक गोष्ट सुरू केली होती. दिवस मावळला की ती पाण्याला हात लावत नव्हती.

रत्नाने तिला तसं सांगितलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. उलट पहिल्या आठवड्यात ती म्हणाली होती, "तुला सवय न्हाय, तू पी गं." पण मग बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, पाच-सात बायका बसलेल्या असताना रत्ना बोलून गेली, "आमची सून बघा की. जन्माची जैन न्हाय, पर दिवस बुडाला की पाण्याला हात लावत न्हाय!" बायकांनी अश्विनीच्या गालावरून हात फिरवले. पेठ वडगावहून आलेल्या एका मावशींनी तिची दृष्टसुद्धा काढली. परक्या गावातून आलेल्या पोरीला त्या हातांचं काय वाटलं असेल ते मला आज कळतं. रागावून सांगितलेला नियम तिने कदाचित मोडला असता. कौतुक तिला मोडवेना.

आणि मी? मला एक गोष्ट दिसली होती. ती रात्रीची गोळी पाच वाजता घ्यायला लागली होती. गोळीला पाणी लागतं, म्हणून वेळ बदललेली. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, किती शहाणी मुलगी, औषधही चुकवत नाही आणि घराचा नियमही सांभाळते. रक्ताच्या व्यवसायात आयुष्य घालवलेला माणूस असा विचार करून आंघोळीला गेला. याची लाज मला अजून वाटते.

अनंत चतुर्दशीला तिने उपवास धरला. बिनपाण्याचा. रत्ना "जमंल तर कर, न्हाय तर दुपारी सोड" म्हणाली होती. सकाळी दोघी पांढऱ्या साड्या नेसून बस्तीत गेल्या. त्या दिवशी ऊन सणकून पडलं होतं. पावसाने दडी मारलेली. दुपारी तीनच्या सुमाराला परत आल्या तेव्हा अश्विनी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली. "गुडघे ठणकतात जी," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, मांडी घालून बसलीस ना इतका वेळ, पाय आखडले असतील. अर्ध्या तासात ती पलंगावर आडवी होती आणि पाणी गाळायचं ते फडकं दातात धरून तिने डोळे मिटले होते. आवाज नाही. मी कपाळावर हात ठेवला, तर तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी तिथे चार बोटं उमटलेली होती. मांड्यांत, पाठीत, छातीच्या फासळ्यांत, हाडाच्या आतून कुणीतरी दाबतंय असं ती नंतर सांगायची.

सन्मती त्या दिवशी सांगलीत नोकरीवर होता. आम्ही दोघांनी तिला उचलून रिक्षात घातलं आणि दवाखान्याकडे निघालो. पण अनंत चतुर्दशी म्हणजे कोल्हापुरात विसर्जनाची मिरवणूक. मिरजकर तिकटीच्या चौकाअलीकडेच रिक्षा थांबली. पुढे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर गणपती, भोवती ढोल आणि गुलालाने लाल झालेली हजार डोकी. मागे दुसरं मंडळ येऊन टेकलेलं. रिक्षावाला म्हणाला, "काका, आता तासभर हालत न्हाय ही." अश्विनीचे ओठ पांढरे पडले होते. मी खाली उतरलो आणि ट्रॅक्टरकडे बघत नुसता उभा राहिलो. शेवटी रत्ना उतरली. दिवसभराचा उपवास, अंगावर पांढरी साडी, आणि हिचा आवाज ढोलाच्या वर गेला, "ए! माझी सून मरतीया हितं! वाट सोडा की रं!"

शिट्टी गळ्यात अडकवलेला एक धिप्पाड कार्यकर्ता वळला. त्याने रिक्षात डोकावून पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. ढोल थांबले. एवढ्या गर्दीत अचानक ढोल थांबले की कान बधिर होतात. "थांबवा रं! दोरी घ्या कडंला! पेशंट हाय!" तो ओरडला, आणि मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाला, "पावणं, तुम्ही बसा आत. मी चालतो फुडं." पोरांनी दोरी धरून गर्दी दोन्ही बाजूंना रेटली आणि मधोमध रिक्षापुरती वाट झाली. तो माणूस पूर्ण रस्ताभर आमच्यापुढे चालला. त्याचं नाव मला अजून माहीत नाही. दर वर्षी मिरवणुकीत मी त्याला शोधतो, पण गुलालात सगळेच सारखे दिसतात.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. नाकाला प्राणवायू लावला, सलाईन सुरू केलं, दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं. मग विचारलं, "शेवटचं पाणी कधी प्यायलं होतं?" अश्विनीने डोळे उघडून रत्नाकडे पाहिलं. रत्नाच म्हणाली, "काल सांजंला."

"आणि एरवी? दिवसभर भरपूर पितात ना? रात्री?"

"रात्री न्हाय," रत्ना म्हणाली. "आमची सून दिवस बुडाला की पाण्याला..."

तेच वाक्य, बस्तीतलं, त्याच सुरात निघालं होतं. ते मध्येच थांबलं. रत्नाने पदराचं टोक हातात धरून पिळायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की पाणी कमी पडलं की पेशीतलंही पाणी कमी होतं आणि मग ती लवकर ताठ होते. हेच छातीत उतरलं असतं तर जिवावर बेतलं असतं. "या आजारात पाणी हेही औषध आहे," त्या म्हणाल्या. मी मान हलवत होतो. यातला एक शब्दही मला नवा नव्हता. सगळं वाचलेलं होतं, आणि वाचलेलं सगळं खाली लॅबमध्ये ठेवून मी रोज वर जेवायला जात होतो.

पाच दिवसांनी अश्विनी घरी आली. त्यानंतर आठवडाभर रत्ना कुणाशी धड बोलली नाही. भांडी आपटायची तीही बंद झाली, आणि आमच्या घरात भांडी आपटली नाहीत म्हणजे काहीतरी फार बिनसलं असं समजावं. एका दुपारी ती आपणहून लॅबमध्ये आली. तीस वर्षांत डबा द्यायला सोडलं तर ती तिथे येत नसे, तिला तो वास सोसत नाही. म्हणाली, "मला दावा. काय हाय तिच्या रक्तात ते."

अश्विनी मागेच उभी होती. तिने बोट पुढे केलं. "घ्या जी," म्हणाली.

मी एक थेंब काचेवर घेतला. प्राणवायू कमी झाला की त्या पेशी वाकतात, म्हणून त्यात थेंबातला प्राणवायू ओढून घेणारं औषध घातलं, वर पातळ काच ठेवली आणि कडा मेणाने बंद केल्या. मग रत्नाला स्टुलावर बसवलं. चष्मा काढ म्हटलं तर काढेना. सुरुवातीला तिला स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग एकदम म्हणाली, "दिसलं. गोल गोल हायत की. चांगल्या हायत."

"थांब जरा. बघत राहा."

ती बघत राहिली. बाहेर भाजीवाली ओरडून गेली. थोड्या वेळाने रत्ना हळू आवाजात म्हणाली, "एक वाकडी झाली." मग, "आणि ही. ही पण." मग ती स्टुलावर पुढे सरकली. "अहो, पर ह्या सगळ्या न्हाईत होत. ही बघा, हिच्या शेजारची तशीच हाय."

मी सांगितलं, एकाच माणसाच्या, एकाच थेंबातल्या पेशीसुद्धा एकसारख्या नसतात. काही लवकर ताठ होतात, काही उशिरा, काही होतच नाहीत. तिच्या गोळीने न वाकणाऱ्या वाढतात. आणि प्राणवायू परत मिळाला की वाकलेल्यांतल्या बऱ्याच पुन्हा सरळ होतात.

"म्हंजे थोड्याच बिघडल्या."

"थोड्याच."

"मग थोड्यांनी बाकीच्यांना अडवलं व्हय?"

मी पुस्तकातलं काहीतरी सांगायला लागलो, की वाहत्या रक्तात मऊ पेशी मधून जातात, ताठ पेशी कडेला ढकलल्या जातात आणि भिंतीला घासत चालतात, वगैरे. पण ती ऐकत नव्हती. ती कोडोलीची. तिच्या बापाचा ऊस. लहानपणी ती बापाबरोबर रानात पाणी पाजायला जायची. पाटातलं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायचं, म्हणजे खोऱ्याने एका सरीचं तोंड बंद करायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं.

"पाला," ती म्हणाली. डोळा अजून भिंगालाच होता. "सरीच्या तोंडाला उसाची चार ताठ पानं आडवी बसली की मागचं सगळं तिथं येऊन तटतं. पुढचा ऊस वाळतो. चारच पानं असत्यात. बाकी पाणी चांगलंच असतंय की." तिने डोळा भिंगाला आणखी टेकवला. "पाण्याला जोर असला तर पाला वाहून जातो. पाणी कमी पडलं तरच बसतो तो."

मी तीस वर्षं जे पाहिलं नव्हतं ते तिने पाव तासात पाहिलं होतं. तिने डोकं वर केलं. चष्म्याच्या काचेवर धुकं धरलं होतं. अश्विनीकडे वळून ती म्हणाली, "मी पाणी कमी केलं गं तुझं."

"तुम्ही नाही सांगितलं जी. मीच..."

"मी सांगितलं न्हाय. मी मिरवलं," रत्ना म्हणाली आणि रडली. मी तिला तिच्या आईच्या जाण्यानंतर पहिल्यांदा रडताना पाहत होतो. पर्व संपलं की आमच्याकडे क्षमावणी असते. सगळे एकमेकांना हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणतात, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याबद्दल. बहुतेक वेळा ते घाईत, जिन्यात, चपला घालता घालता म्हटलं जातं. त्या वर्षी दवाखान्याच्या धावपळीत ते राहून गेलं होतं. लॅबच्या त्या स्पिरिटच्या वासात सासूने सुनेला हात जोडले, आणि सुनेने ते हात धरून खाली केले. मी मायक्रोस्कोपवर कापड घातलं.

या चार वर्षांत अश्विनीला दुखणं आलं नाही असं नाही. थंडीत दोनदा आलं. आजार जिथे होता तिथेच आहे. पण तिच्या उशाशी आता तांब्या असतो. ते पाणी रत्ना गाळते आणि उकळते, दिवस मावळायच्या आत, जेवणाच्याही आधी. गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीला बस्तीतून परतताना दिवस मावळला. वाटेत मिरवणुकीसाठी थांबावं लागलं, आणि बरोबरच्या बायका आमच्या दारात टेकल्या. रत्नाने आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तिच्या ओठांच्या कडा सुकून पांढऱ्या झाल्या होत्या. ती वर गेली आणि तांब्या-फुलपात्र घेऊन खाली आली. एक नवी शेजारीण सहज म्हणाली, "आता कुणाला पाणी? दिवस बुडाला की."

"माझ्या सुनंला," रत्ना म्हणाली. तिचा आवाज तसाच, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. "माझी सून दिवसा पाणी पिते, रात्री पाणी पिते, उपासादिवशीबी पिते. आणि मी माझ्या हातानं देतो."

अश्विनीने फुलपात्र घेतलं आणि सगळ्यांसमोर, घाई न करता, प्यायली. रत्ना हात पुढे करून उभी राहिली. फुलपात्र परत आलं तेव्हा तिने ते उपडं करून पाहिलं, पुन्हा भरलं आणि पुन्हा पुढे केलं. तेही रिकामं झालं तेव्हा तांब्या मांडीशी घेऊन, सकाळपर्यंतची आपली तहान घेऊन, ती पायरीवर निवांत बसली.